कूट नको म्हणजे नको

‘घरी पिकवलेली भाजी खाऊ घाला, ॲलर्जी आपोआप जाईल.’ हे मला रोपवाटिकेतल्या माणसाने ऐकवलं आहे, सोसायटीत खतखड्ड्याची व्यवस्था बघणाऱ्या काकांनी ऐकवलं आहे, दिवाळी अंकांतले लेख तर दर वर्षी ऐकवतात. एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या, नावही माहीत नसलेल्या बाईंनी हातातली जिलबी तशीच ठेवून ऐकवलं. सगळे अगदी मनापासून सांगतात. पण सल्ला त्यांचा आणि घास माझ्या मुलाचा, असा हा व्यवहार आहे. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मी स्वतः गच्चीत वांगी, टोमॅटो, दोडका, मेथी, अळू लावते, त्यामुळे ‘हिला बागेचंच वावडं’ म्हणून मला उडवून लावायचीही सोय नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बाजारातली भाजी युरियावर वाढलेली, फवाऱ्यात न्हालेली. ते विष अंगात साठतं, अंग बंड करतं आणि त्या बंडाला डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. विषमुक्त भाजी खाल्ली की बंड शमेल. पुरावा विचारला तर, ‘आमच्या लहानपणी कुठे होतं हे सगळं?’

फवारलेला फ्लॉवर दुसऱ्या दिवशी तोडून बाजारात आणतात ही तक्रार खरी आहे आणि ती करणाऱ्यांच्या बाजूने मीही उभी राहीन. पण ती तक्रार वेगळी, ॲलर्जी वेगळी. विष सर्वांना बाधतं; कमी गेलं तर कमी, जास्त गेलं तर जास्त. शेंगदाणा मात्र घरातल्या चौघांना पौष्टिक आणि पाचव्याला जीवघेणा. त्या पाचव्याच्या शरीराने दाण्यातल्या ठरावीक प्रथिनांना शत्रू मानून त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार ठेवलेली असतात. ही प्रथिनं कुणी फवारलेली नसतात. भुईमुगाने आपल्या रुजणाऱ्या कोंबासाठी दाण्यात बांधून दिलेली ती शिदोरी आहे. शेणखतावरचा भुईमूग घ्या की युरियावरचा, शिदोरी तीच.

आता ‘पूर्वी कुठे होतं’ हा प्रश्न. १९२१ साली ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्ज क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्युस्टनरला मासे बाधत. गंमत अशी की शिजवलेले बाधत, कच्चे नाही. प्राउस्निट्झला माशांनी काहीच होत नसे. त्याने क्युस्टनरच्या रक्तातला द्रव आपल्या त्वचेखाली टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. रक्तातली कुठली तरी गोष्ट ही प्रतिक्रिया घडवते हे तेव्हा कळलं. ती गोष्ट म्हणजे आयजीई, हे ठरायला १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. डीडीटीने किडे मरतात हा शोध १९३९ चा. म्हणजे क्युस्टनरच्या ताटातल्या माशाला डीडीटीचा वासही लागलेला नव्हता, आणि तरी त्याच्या अंगावर पित्त उठत होतं. आमच्याकडेही ‘त्याला मासे सोसत नाहीत’, ‘तिला अंड्याचं वावडं’ असं म्हणणाऱ्या आज्या होत्याच. ज्यांना फारच सोसलं नाही त्यांच्याबद्दल ‘काहीतरी बाधलं’ एवढीच नोंद घरात उरे, आणि पुढे तीही विसरली जाई.

समोरच्या बाजूचा सगळ्यात बळकट पुरावा मात्र मीच मांडते, कारण तो त्यांच्याकडून क्वचितच येतो. २०१२ साली अमेरिकेतल्या एका पाहणीत, ज्यांच्या लघवीत डायक्लोरोफेनॉल या रसायनांचं प्रमाण फार जास्त होतं त्यांच्या रक्तात अन्नपदार्थांविरुद्धचं आयजीई अधिक वेळा सापडलं. ही रसायनं काही कीटकनाशकांतून येतात, तशीच क्लोरीन घातलेल्या पाण्यातूनही येतात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढंच त्यातून सिद्ध होतं. एकीमुळे दुसरी झाली असं गृहीत धरलं, तरी झालेली ॲलर्जी विषमुक्त पालक खाऊन जाते हे कुठे आलं? घराला आग लागण्याचं कारण सापडलं म्हणून जळालेलं छप्पर परत येत नाही.

उलट मला खरी भीती वाटते ती या नैसर्गिक बागेच्या सामानाची. सुभाष पाळेकरांच्या जीवामृताची कृती आता शहरातही पुष्कळांना पाठ आहे: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो कडधान्याचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती. पीठ बहुतेक वेळा बेसनच असतं. ज्याला हरभरा चालत नाही त्याने ही बादली ढवळायची का, हे कुठल्याही कार्यशाळेत सांगत नाहीत. कुणी ताक फवारतं, कुणी लिंबाच्या रसात अंडी मुरवून त्याचं द्रावण करतं, कुणी मासळी आणि गूळ कुजवतं. दूध, अंडं, मासे, डाळ, शेंगदाणा: ॲलर्जीतज्ज्ञांच्या यादीतली निम्मी मंडळी गच्चीवरच्या कोपऱ्यात डब्यांमधून बसलेली असतात, आणि त्या कोपऱ्याला आपण विषमुक्त म्हणतो.

शेंगदाण्याची पेंड तर कुंड्यांचं लाडकं खत. तिचं पोतं उघडताना जवळून पाहा. तपकिरी भुगा उडतो, बोटांच्या पेरांत बसतो, नखांत शिरतो. मग तेच हात झारीच्या दांड्याला लागतात, नळाला लागतात, जिन्याच्या कठड्याला लागतात. त्यामागून मूल येतं, कठड्याला धरून उतरतं आणि खाली जाऊन पेरू खातं. हात नुसते पाण्याखाली धरून हे जात नाही. सॅनिटायझरने तर मुळीच भागत नाही, कारण तो जंतू मारतो, प्रथिन जागच्या जागी राहतं. साबण लावून चोळूनच धुवावं लागतं.

मात्र याच्या पलीकडे जाऊन ‘पेंड घातली, म्हणजे टोमॅटोत शेंगदाणा उतरला’ असं म्हणणारेही भेटतात. तेही खोटं. मातीतले जिवाणू पेंडीतली प्रथिनं तोडतात आणि मुळं नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात. दाण्याचं प्रथिन अख्खंच्या अख्खं देठातून चढून टोमॅटोत जाऊन बसत नाही. धोका आहे तो वरून लागलेल्या भुग्याचा आणि शिंतोड्यांचा, विशेषतः जमिनीलगतच्या मेथी-पालकाच्या पानांवर. आमच्या कुंड्यांत निंबोळी पेंड आणि पालापाचोळ्याचं खत असतं. वांगी काही रुसलेली नाहीत.

याच माळेतला दुसरा मणी म्हणजे लाकडी घाण्याचं तेल. गेल्या काही वर्षांत प्रत्येक उपनगरात एक घाणा फिरू लागला आहे आणि ‘रिफाइंड म्हणजे विष’ हे आता वादापलीकडचं सत्य मानलं जातं. १९९७ साली ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही प्रकारची शेंगदाणा तेलं देऊन पाहिली. शुद्ध केलेल्या तेलाने एकालाही त्रास झाला नाही. कच्च्या, शुद्ध न केलेल्या तेलाने सहा जणांना झाला. कारण उघड आहे. तेल शुद्ध करताना प्रथिन जवळजवळ सगळं निघून जातं, घाण्याच्या तेलात ते उरतं. ज्या सात्त्विक खमंग वासाचं कौतुक होतं, त्या तेलात दाण्याचा अंश शिल्लक असतो. तुम्हाला आवडत असेल तर खुशाल खा. पण आमच्या मुलासाठी मुद्दाम ‘शुद्ध घाण्याच्या तेलात’ भाजी करून आणणाऱ्यांना मी डब्याचं झाकणही उघडू देत नाही, आणि मग मी उद्धट ठरते.

निसर्ग म्हणजे माया, हे गृहीतकच मुळात तपासायला हवं. कीड पडली, बुरशी लागली की झाड गप्प बसत नाही. ते स्वतःच्या बचावासाठी काही प्रथिनं तयार करतं. टोमॅटोच्या सालीतलं एक, पीचच्या सालीतलं एक अशी यांतली काही प्रथिनंच माणसांत ॲलर्जी घडवतात. म्हणजे या ॲलर्जींत तरी झाडाचा स्वतःचा नैसर्गिक फवाराच आरोपी आहे. यावरून फवारलेली भाजी बरी असा निष्कर्ष मी काढत नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दावर एवढा भार टाकू नये, इतकंच.

‘शिजवलं की सगळं मरतं’ हे आणखी एक. काही जणांचे कच्चं गाजर किंवा सफरचंद खाल्ल्यावर ओठ आणि टाळू खाजतात आणि तेच शिजवून दिलं तर काही होत नाही. ती प्रथिनं उष्णतेने मोडतात. शेंगदाण्याची मोडत नाहीत. कोरडं भाजलं की ती आणखी चिवट होतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, आणि कूट आपण खरपूस भाजूनच करतो. क्युस्टनरला शिजवलेलाच मासा बाधत होता, हे पुन्हा आठवावं.

या गोंधळाच्या मुळाशी मला वाटतं अळू आहे. अळू, सुरण खाल्ल्यावर घसा खवखवतो, हा अनुभव प्रत्येक मराठी घरात आहे. त्यावर चिंच किंवा आमसूल घाला, नीट शिजवा, हा उपायही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तो बरोबरच आहे, कारण अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते कुणाच्याही घशाला टोचतात. प्रतिकारशक्तीचा तिथे काही संबंध नाही. भेंडी तोडताना हात खाजतात ते तिच्या लवेमुळे. वांग्याचं थोडं वेगळं. वांगी खाऊन जीभ चुरचुरते असं सांगणारे खूप, पण मैसूरमध्ये ७४१ लोकांची पाहणी झाली (ती २००८ साली प्रसिद्ध झाली) तेव्हा वांग्याची खरी, आयजीईवाली ॲलर्जी एक टक्क्याहूनही कमी जणांत निघाली. वांग्यात मुळातच हिस्टामिन असतं आणि बऱ्याच जणांची चुरचुर त्याची असते. पण एकदा का ‘खाज म्हणजे ॲलर्जी’ असं समीकरण बसलं की पुढचं वाक्य तयारच असतं: ‘अगं, आम्हालाही अळवाने खाजायचं, चिंच घालून खाल्लं, सवय झाली.’ सासरच्या एका मावशींनी हे वाक्य शेंगदाण्याच्या चटणीची वाटी पुढे सरकवत म्हटलं होतं. आमच्या मुलाची खाज घशात सुरू होते खरी, पण तिथे थांबत नाही. ओठ सुजतात, आवाज बसतो, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागतो. तिथे चिंच चालत नाही, हळदीचं दूध चालत नाही, पित्ताची गोळीही पुरत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनलिन द्यावं लागतं, आणि तेही वेळेत. परदेशात त्यासाठी पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टर अँप्यूल आणि सिरिंज देतात आणि आईबापांना ती भरायला शिकवतात.

ॲलर्जी म्हणजे शहरी थेर, असं म्हणणाऱ्यांना थोडी रसद आमच्याच बाजूचे लोक पुरवतात, हेही सांगून टाकते. रक्ताच्या एका नमुन्यावर शेकड्याने पदार्थ तपासून लांबलचक अहवाल देणारी पॅकेजं निघाली आहेत. त्यातल्या आयजीजीच्या चाचण्यांवर विसंबू नका असं ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनाच सांगतात. आयजीईची चाचणी खरी, पण तीही एकटी पुरत नाही. कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत (२०१६) २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. खरी ॲलर्जी असावी असे निघाले १.२ टक्के. अहवालात लाल अक्षरं दिसली म्हणून ज्यांनी गहू, दूध, टोमॅटो, वांगं सगळं एकदम सोडलं आणि चारचौघांत त्याची जाहिरात केली, त्यांच्यामुळे खऱ्या एक टक्क्याचं कुणी ऐकत नाही.

‘थोडं थोडं देत जा, सवय होईल’ या सल्ल्याला आता शास्त्राचा मुलामाही चढला आहे. लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास कुणीतरी अर्धा वाचलेला असतो. त्यांनी ॲलर्जीचा धोका असलेली ६४० तान्ही बाळं घेतली, वय ४ ते ११ महिने. निम्म्यांना नेमाने शेंगदाणा खाऊ घातला, निम्म्यांना दूर ठेवलं. पाच वर्षांच्या वयात, खाणाऱ्यांमध्ये ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. यातून आमच्या आज्यांचा वरणभाताबरोबर सगळं चाटवण्याचा रिवाज शहाणपणाचा ठरतो, हे मी आनंदाने मान्य करते. पण तो अभ्यास ॲलर्जी होऊ नये म्हणून काय करावं याचा होता. त्वचेच्या चाचणीत ज्या बाळांना मोठी गांध उठली, त्यांना आधीच वगळलं होतं. झालेल्या ॲलर्जीवर थोडं थोडं देण्याचे उपचार आहेत, ते मिलिग्रॅमच्या मापात, डॉक्टरांच्या नजरेखाली होतात. हळदीकुंकवाच्या खिरापतीत होत नाहीत. मातीत खेळण्याचंही तसंच. शेतघरात, गुरांच्या सहवासात वाढलेल्या मुलांना दमा आणि परागज्वर कमी होतो, हे युरोपातल्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. म्हणून आठ वर्षांच्या मुलाला वाफ्यात उतरवलं की त्याचा शेंगदाणा सुटेल, असं होत नाही. तो उतरतो, चिखलात लोळतो, आणि मजा येते म्हणून उतरतो.

मग बागेचा उपयोग काय? आहे, पण तो कुंडीत नाही, कढईत आहे. बाजारातल्या वांग्यातही शेंगदाणा नसतोच. तो येतो आपल्या स्वयंपाकघरात. महाराष्ट्रात भाजी म्हटली की कूट: दोडक्यात कूट, मेथीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, आणि उपवास म्हणजे तर कुटाचाच सण. एकाच मिक्सरच्या भांड्यात सकाळी कूट आणि दुपारी ओलं खोबरं फिरतं. पात्याखालच्या रबरी कड्यात जे अडकतं ते विसळून निघत नाही. हॉटेलात, डब्यात, पंगतीत हे कुणाच्या हातात नसतं. घरची भाजी दारातच असली की बाहेरून मागवण्याची वेळ कमी येते आणि भांड्यावर आपली नजर राहते, हा तिचा खरा फायदा. त्याला कुणी विषमुक्त म्हणत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

आमची भरली वांगी अशी होतात. कोवळी काटेरी वांगी देठ ठेवून चार चिरा देऊन मिठाच्या पाण्यात टाकायची. कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर काळपट होईतो भाजायचं, त्यात भाजलेल्या कारळ्याची पूड, लाल तिखट, चिंच, गूळ. कूट जो दाटपणा देतो तो कारळं देतं आणि वर आपला थोडासा कडवट खमंगपणाही देतं. गोडा मसाला घरचा, कारण विकतच्यात काय काय दळलंय ते कळत नाही, आणि बहुतेक घरच्या मसाल्यांतही तीळ असतात. तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांचे आपल्याकडे विशेष हाल आहेत. २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर ठळक सांगायच्या पदार्थांत शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, सोयाबीन, ग्लुटेनची धान्यं वगैरे आहेत. तीळ नाही, हरभरा नाही, मोहरी नाही. युरोपच्या १४ पदार्थांच्या यादीत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत, अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा केला. तीळगुळाच्या देशात तो यादीबाहेर. आणि फोडणीतला हिंग? डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाची आई भाकरी करते, गहू घरात आणत नाही, आणि रोज चिमूटभर हिंगातून तो परत येतो. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. भिंग घेऊन वाचावं.

मेथीबद्दल एक सावधगिरी. मेथी, गवार, घेवडा, वाल, चवळी, मटार ही सगळी भुईमुगाची भावकी. बहुतेक शेंगदाणा-ॲलर्जीवाल्यांना ती चालतात, म्हणून घाबरून सगळ्या वेली उपटून टाकू नयेत. पण भावकीतले काही सारखे दिसतात. मेथीच्या दाण्याने शेंगदाण्याच्या रुग्णांना त्रास झाल्याचं नॉर्वेच्या संशोधकांनी २००९ साली मांडलं आहे. एकेक भाजी डॉक्टरांना विचारून, वेगळ्या दिवशी देऊन पाहायची. आमच्याकडे मेथीची पानं चालतात. लोणच्यातली मेथीपूड अजून विचाराधीन आहे.

राहता राहिला शेजारधर्म. गच्चीवर वांगी लागली की सगळ्यांनाच एकदम लागतात आणि मग वाट्या इकडून तिकडे फिरतात. आमच्याकडे जरूर पाठवा. फक्त कच्ची पाठवा, देठासकट, न चिरता; शिजवून नको, घाण्याच्या तेलात तर नकोच. आणि कुंडीत दाण्याची पेंड घातली असेल तर पिशवी देताना दारातच सांगा, मी साबणाने धुऊन घेईन.